पट्टीचा हात

कारखान्यात तिला सगळे पट्टी म्हणत. बाईमाणसाला पट्टी म्हणणं कानाला बरं लागत नाही, हे खरं. नवीन आलेला माणूस पहिले दोन दिवस बिचकत ‘बाई, बाई’ करायचा. तेव्हा तीच त्याला मोकळं करायची. “पट्टी म्हण रे सरळ. बाई म्हटलंस की मलाच मागे वळून बघावंसं वाटतं, कोण आलंय म्हणून.”

कारखाना आपला म्हणायचा एवढंच. एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या चार खोल्या, आणि त्यात काम करणारी सहा माणसं. तिथे नकली हात बनत, बोटं बनत, कान बनत, क्वचित एखादं नाक. यंत्रात अंगठा गेलेला सुतार, भाजलेली आचारीण, जन्मापासून एकच कान असलेला बसचालक असे लोक जिना चढून येत आणि जाताना गेलेल्या अवयवाचा जुळा भाऊ घेऊन जात. त्या हाताने काही उचलता येत नसे, त्या बोटाला काही टोचल्याचं कळत नसे. त्याचं काम एकच, की येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर तिथे अडकू नये. पट्टी म्हणायची, “आपलं काम लोकांना दिसलं की आपण नापास.”

पुढच्या खोलीत साचेवाला बसायचा. तो मेणाचं बोट कोरायचा, सुरकुत्यांसकट, नखाच्या कडेच्या सोललेल्या कातड्यासकट, आणि त्याचा साचा काढायचा. साच्यात ओतायचं सिलिकॉन रंगवून द्यायचं ते पट्टीने. तिची खोली सगळ्यात शेवटची, मोठ्या खिडकीची. टेबलावर पाच डबे: पांढरा, पिवळा, लाल, तपकिरी आणि निळा. निळा डबा बघून प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचंच, “माणूस काय निळा असतो का हो?” मग ती त्याच्याच मनगटावरच्या शिरेवर बोट ठेवायची. गिऱ्हाईक कितीही गोरं येवो, कितीही काळं येवो, पाचही डबे उघडावे लागत. एका डब्यात भागलं असा माणूस तीस वर्षांत त्या जिन्याने वर आलेला नव्हता.

पट्टी हे नाव पाडलं कारखाना काढणाऱ्या मास्तरांनी. ती कामाला लागली तेव्हा रंग जुळवायला अठरा चकत्यांचा एक जुडगा होता, एक नंबरची चकती सगळ्यात गोरी, अठराची सगळ्यात काळी. जुडगा खिडकीत लटकून लटकून विटला. चार नंबर आणि सहा नंबर सख्खे भाऊ दिसायला लागले. नवीन चकत्या मागवल्या, त्या आल्या भलत्याच रंगाच्या. त्यात रंगाचा प्रत्येक नवा डबा आधीच्या डब्याशी फटकून वागायचा, त्यामुळे अमुक इतके थेंब असं लिहून ठेवण्यातही अर्थ नव्हता. मास्तर एक दिवस असे वैतागले की जुडगा त्यांनी कचऱ्याच्या टोपलीत भिरकावला आणि समोर बसलेल्या नव्या पोरीचा डावा हात धरून टेबलावर आपटल्यासारखा ठेवला.

“हा घ्या,” ते सगळ्यांना म्हणाले. “इथे येणाऱ्या सगळ्या माणसांच्या बरोबर मधोमध बसतो हा हात. आजपासून ही आपली पट्टी. सगळ्यांना हिच्यापासून मोजायचं.”

‘ना इकडची ना तिकडची’ हे ती जन्मापासून ऐकत आली होती. ‘मधोमध’ पहिल्यांदाच ऐकत होती. त्या संध्याकाळी बसमधून घरी जाताना तिने तो हात मांडीवर असा ठेवला होता, की जणू तो कुणीतरी तिच्याकडे सांभाळायला दिलाय.

तेव्हापासून तिची वही सुरू झाली. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात ‘मी = ०’. खाली एकेक गिऱ्हाईक. ‘सुतार, अंगठा. माझ्यापेक्षा पांढरा दोन जास्त, लाल एक जास्त.’ ‘आचारीण, करंगळी. माझ्यापेक्षा तपकिरी पाच जास्त, निळा अर्धा.’ रीत सोपी होती. गिऱ्हाईक पहिल्यांदा आलं की त्याचा हात आपल्या हाताशेजारी ठेवायचा आणि फरक वहीत टिपायचा. गिऱ्हाईक गेल्यावर सवडीने आधी आपल्या हाताचा रंग हुबेहूब जमवायचा आणि मग त्यात वहीतला फरक घालायचा. डबा बदलला तरी हात बदलत नाही. निदान तसं सगळे धरून चालले होते. पट्टीचा गायक, पट्टीचा पोहणारा म्हणतात, तशी ही पट्टीची रंगवणारी म्हणून तिचं नाव झालं ते या हाताच्या जोरावर.

तो हात कुठून आला, तेही सांगायला हवं. तिचा बाप घड्याळजी. याच शहरातला, गोरापान, तीन पिढ्या एकाच गल्लीत घड्याळं उघडून बसलेलं घराणं. आई समुद्रापलीकडून आलेली, गडद काळी, दाट कुरळ्या केसांची, हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात कामाला. तिथेच ती इथली भाषा शिकली. त्यामुळे तिला पहिले आलेले शब्द म्हणजे चादर, अभ्रा आणि डाग. भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला तिने पहिलं वाक्य ऐकवलं ते “तुमच्या सदऱ्याला डाग आहे,” आणि त्याला म्हणे ते फार आवडलं. मुलगी झाली ती दोघांच्या मधली. नाक बापाचं, ओठ आईचे. केसांचा निकाल काही लागलाच नाही, वरून सरळ आणि मानेपाशी कुरळे.

शेजारणी विचारत, “कुणावर गेलीय हो मुलगी?” आईला बिचारीला ‘गेलीय’ एवढंच ओळखीचं. ती सरळपणे सांगायची, “शाळेत गेलीय.” शेजारणी तोंडाला हात लावून हसत. बापाला हे कळलं तेव्हा तो हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बेताला आला, पण त्याने बायकोला खरा अर्थ मुद्दामच बरीच वर्षं सांगितला नाही. पुढे तिला कळल्यावरही तिने उत्तर बदललं नाही. “कुणावर गेलीय?” “बाजारात गेलीय.” “कुणावर गेलीय?” “आता कामावर गेलीय.” घरातला तो विनोद तिघांपुरताच होता आणि तिघांनी तो कधी झिजू दिला नाही.

बाहेर मात्र तो चालत नव्हता. बापाकडचे म्हणायचे, पोरगी आईवर गेली. आईकडचे कधीमधी भेटत, ते म्हणायचे, बापावर गेली. दोन्हीकडच्यांचं आयुष्यात एकाच गोष्टीवर एकमत झालं, ते म्हणजे ही दुसऱ्यांची.

ती सात वर्षांची असताना आत्याचं लग्न झालं. आत्या म्हणजे बापाची धाकटी बहीण, घरातली सगळ्यात देखणी, आणि छोट्या भाचीला तर ती स्वर्गातून उतरल्यासारखी वाटायची. आईला त्या दिवशी सुट्टी मिळाली नाही, असं घरात सांगण्यात आलं. आईने शिवलेला पिवळा फ्रॉक घालून ती बापाबरोबर गेली. घरातल्या सगळ्यांचा एक फोटो घ्यायचा ठरलं. रांगा लागल्या, उंच माणसं मागे, पोरंटोरं पुढे. ती पुढे जाऊन नवऱ्या मुलीच्या अगदी गुडघ्याशी उभी राहिली. आत्या खाली वाकली, तिच्या गालाला हात लावला आणि गोड आवाजात म्हणाली, “तू जरा बाजूला हो हं बाळ. फोटो झाला की ये.”

ती बाजूला झाली. रांगांच्या कडेला, कॅमेऱ्यात येणार नाही अशी, हात मागे बांधून उभी राहिली. फोटो झाला, रांगा मोडल्या, माणसं पांगली. ‘ये’ असं कुणी म्हटलं नाही. बाप मागच्या रांगेत होता, त्याच्या लक्षात आलं की नाही तिला कळलं नाही, आणि घरी जाताना तो एक अक्षर बोलला नाही. आपल्या बापाने ते पाहिलंच नाही, अशी तिने पुढे आयुष्यभर समजूत करून घेतली. पाहून गप्प बसला, यापेक्षा ती सोयीची होती.

त्या दिवसापासून एक गोष्ट बदलली. बाकीची भाचरं ‘ए आत्या, तू दे ना’ करायची. ही एकटी ‘अहो आत्या, तुम्ही’ म्हणायला लागली. मोठ्यांनी तिला शहाणी म्हटलं.

शेहेचाळीस वर्षांनी तीच आत्या कारखान्याचा जिना चढून आली.

राहत्या इमारतीच्या लोखंडी दारात तिच्या उजव्या हाताची दोन बोटं चिरडली होती, मधलं आणि शेजारचं. शहरात हे काम करणारं दुसरं कुणी असतं तर ती इथे आली नसती, हे दोघींनाही पक्कं ठाऊक होतं. केस पांढरे झाले होते, पाठ तशीच ताठ. हात पर्सखाली झाकलेला.

“नातीचं लग्न आहे दोन महिन्यांनी,” ती म्हणाली. “फोटो काढतील. मी काय हात असा लपवून उभी राहू?”

पट्टीने तिचा हात हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच, खरं तर. त्या कामात लाजून भागत नाही, तळवा उलटा-सुलटा करावा लागतो, सांध्यांवरची लाली, जुन्या भाजल्याचा डाग, पेरापेरातली फिकट रेघ, सगळं टिपावं लागतं. चाळीस मिनिटं तो हात तिच्या हातात होता. आत्या खिडकीबाहेर बघत होती.

“आता नवीन करतेच आहेस तर जरा उजळ कर,” आत्या मध्येच म्हणाली.

“आणि बाकीच्या तीन बोटांचं काय करू?”

“ती जुनी आहेत.”

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर पट्टी खो खो हसली असती. पण ‘उजळ’ हा शब्द तिला झोंबला. ती म्हणाली, “जशी आहेत तशीच होतील,” आणि वहीत लिहिलं: ‘आत्या, उजवा हात, दोन बोटं. माझ्यापेक्षा तपकिरी चार कमी, पांढरा तीन जास्त.’ पेन्सिलीचं टोक तिने इतकं दाबलं की मागच्या पानावर ठसा उठला.

त्यानंतर दोनच दिवसांनी कारखान्याच्या इमारतीचं गिलाव्याचं काम निघालं. बाहेरून बांबू लागले, खिडक्यांवर गोणपाट चढलं. खोलीत दिवसा ट्यूब लावून बसायची पाळी आली. ट्यूबखाली जुळलेला रंग बाहेर उन्हात गेला की वेगळाच दिसतो, हे पट्टीइतकं कुणाला ठाऊक असणार? तिने सरळ टेबल उचलून गच्चीवर नेलं. सहा आठवडे तिची खोली म्हणजे गच्चीचा कोपरा. डोक्यावर टोपी होती, टेबलावर, हातांवर ऊन. साचेवाला साचे वर आणून द्यायचा आणि कुरकुरायचा, “आम्ही धुळीत मरतोय, आणि पट्टी बघा हवा खातेय.”

आत्याची बोटं तिने तिथेच केली. कधी नव्हे इतकं जीव ओतून केली. सांध्यांवरची लाली पाच वेळा पुसून सहाव्यांदा जमवली. शेहेचाळीस वर्षांचं काय ते तिने त्या बोटांत घातलं. नेमकं काय घातलं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

बोटं बसवायला आत्या आली तेव्हा लग्नाला बारा दिवस उरले होते. पट्टीने तिला गच्चीवर नेलं, बोटं चढवली, हात उजेडात धरला.

बोटं काळी होती. फार नाही. पण रस्त्यावरचा माणूस दुसऱ्यांदा बघेल इतकी. तीन बोटं आत्याची आणि दोन दुसऱ्याच कुणाची.

आत्याने हात उलटा-सुलटा करून बघितला. मग तिने वर पाहिलं. “हे तू मुद्दाम केलंस.”

“नाही हो आत्या.”

“मी उजळ म्हटलं आणि तू उलट केलंस. इतकी वर्षं मनात धरून बसली होतीस. आज बरा सूड उगवलास.” तिने बोटं एकेक करून उपसली, टेबलावर ठेवली आणि कठड्याला धरत जिना उतरून गेली.

पट्टी गच्चीवर तशीच उभी राहिली. मग तिने ती बोटं आपल्या हाताशेजारी धरली, वही उघडली आणि पडताळून पाहिलं. तपकिरी चार कमी, पांढरा तीन जास्त. बरोबर तेवढाच फरक. हात बरोबर, वही बरोबर आणि बोटं चूक. मग चुकीला जागा राहिली कुठे? राहिलं मन.

पुढचे तीन दिवस तिचे फार वाईट गेले. तिला नवरा नव्हता, मूलबाळ नव्हतं, आईबाप गेलेले. तिच्याजवळ मिरवायला एकच गोष्ट होती, की तिचा हात खोटं बोलत नाही. जगाने तिला काहीही म्हणावं, त्या खिडकीपाशी ती शून्य होती आणि जग तिच्यापासून मोजलं जात होतं. आता त्या हाताने तिच्या नकळत सूड घेतला असेल, तर पट्टी खोटी, वही खोटी, मास्तर खोटे. ‘उजळ’ हा शब्द झोंबलेला तिला आठवत होता, ते ती नाकारू शकत नव्हती. भाजी चिरताना, बसमध्ये, आंघोळीला बसल्यावर ती स्वतःला तोच प्रश्न विचारायची. मी केलं का? आणि उत्तर यायचं, मला माहीत नाही.

चौथ्या दिवशी बसचालक हातात कान घेऊन आला.

“पट्टीबाई, रागावू नका,” तो अवघडून म्हणाला. “पण आमची ही म्हणते, गाल एका गावचा आणि कान दुसऱ्या गावचा वाटतोय. जरा काळपट झालाय का?”

पट्टीने कान घेतला, त्याच्या गालाशी धरला, आणि तिच्या चेहऱ्यावर असं हसू फुटलं की बसचालक दोन पावलं मागे सरला. बसचालकाशी तिचं कसलंच वैर नव्हतं. उलट तो तिला थांबा नसलेल्या कोपऱ्यावरही उतरवायचा. त्याचा सूड कोण कशाला उगवेल? त्याचाही कान त्याच सहा आठवड्यांत झाला होता. तिने धावत जाऊन साचेवाल्याला गाठलं. “सगळंच काळं होतंय! एकट्या आत्याचं नाही!”

“यात नाचण्यासारखं काय आहे ते मला कळेना,” साचेवाला म्हणाला. “डबे तपासले?”

“डब्याचा संबंधच नाही. मी हातावरून जमवते.”

“मग पट्टीच लांबली असेल,” तो म्हणाला आणि मेणाकडे वळला.

त्याने नुसती थट्टा केली होती. पट्टी हात धुवायला मोरीवर गेली. घड्याळाच्या पट्ट्याखाली गोंद गेला होता म्हणून तिने घड्याळ काढलं. घड्याळ बापाचं, चामड्याच्या रुंद पट्ट्याचं. एरवी ती ते काढायची अंथरुणावर पडल्यावर, दिवा घालवून. आंघोळ पहाटेच्या अंधुक उजेडात उरकायची, आणि या तीन दिवसांत तर तिचं लक्ष मनगटाकडे कुठलं असायला! आता गोणपाटाच्या फटीतून आलेल्या उन्हाची एक तिरीप नेमकी तिच्या हातावर पडली होती. मनगटाभोवती दोन बोटं रुंदीची एक फिकी पट्टी. तिच्या वर आणि खाली सहा आठवड्यांच्या उन्हात भाजून निघालेला हात.

सगळ्या शहराचे हात वाचणारीने स्वतःचा हात वाचला नव्हता. कोण वाचतो? मोजायची पट्टी कुणी मोजून बघत नाही. आत्या पहिल्यांदा आली तेव्हा फरक लिहिला तो आधीच्या हातापासून, आणि बोटं रंगवली ती गच्चीवरच्या हातापासून. शून्य आपलं गुपचूप सरकलं होतं.

साचेवाला आला, त्याने मनगट पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “अगं, पट्टी उन्हात तापली!” मग दोघंही मोरीच्या कडेला बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

त्याच दुपारी ती आत्याच्या घरी गेली. पिशवीत पाच लहान डबे, वही, ती दोन बोटं. तिने फोन केला नाही, कारण फोनवर आत्याने ‘येऊ नकोस’ म्हटलं असतं.

आत्याने दार उघडलं. घरात लग्नाची खोकी पसरली होती. “आता काय आणलंस?”

“हात दाखवायला आलेय,” पट्टी म्हणाली. “माझा.”

ती खिडकीपाशी गेली, घड्याळ काढलं आणि हात उजेडात धरला. मग तिने सगळं सांगितलं, चकत्या, मास्तर, गच्ची, बसचालकाचा कान. या एका माणसाने आपल्यावर विश्वास ठेवावा असं तिला वाटत होतं आणि असं वाटतंय याचा तिला रागही येत होता. आत्या चष्मा लावून तिच्या मनगटावर वाकली. डाव्या हाताच्या बोटाने तिने ती फिकी पट्टी अलगद चाचपली.

“दादाचं घड्याळ,” ती म्हणाली.

“हो.”

“हा रंग आमचा आहे बघ.” आत्याचा आवाज अगदी मऊ झाला होता. “इथे तू आमची आहेस.”

किती गोड बोलली ती! सात वर्षांच्या पोरीने त्या वाक्यासाठी जीव टाकला असता. पट्टी आता त्रेपन्न वर्षांची होती. तिने हात मागे घेतला नाही, पण मान हलवली.

“नाही आत्या. घड्याळाखालची मीच आणि उन्हातली पण मीच. एवढीशी कापून तुम्ही ठेवून घेतलीत, तर मी काम कशाने करू?”

आत्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “मग तू गेलीस तरी कुणावर गं?”

“कामावर.”

आत्याच्या तोंडून एकदम हसू फुटलं, जुनं, तरुणपणचं. “वहिनी असंच म्हणायची.” आणि बोलल्यावर ती स्वतःच दचकली. पट्टीच्या आईला तिने वहिनी म्हटलेलं कुणी कधी ऐकलं नव्हतं. घरातला विनोद तिघांपुरता आहे असं पट्टीला वाटत होतं. बापाने तो बहिणीला सांगितला होता तर.

हसू विरलं. आत्याने चष्मा काढला आणि भिंतीकडे पाहिलं. तिथे तो फोटो होता, लग्नाचा. पट्टीने तो आजवर पाहिलेला नव्हता.

“तू मुद्दाम केलं नाहीस,” आत्या म्हणाली. “मी केलं होतं. सासरची माणसं बघतील, विचारतील, म्हणून केलं. जवळ जाऊन बघ. सगळे समोर बघतायत. आणि दादा बघ कुठे बघतोय.”

पट्टी जवळ गेली. मागच्या रांगेत उजवीकडून तिसरा तिचा बाप होता, तरुण, नवा कोट घातलेला. सगळ्या घरात तो एकटा कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. त्याची मान वळलेली होती, चौकटीच्या बाहेर, जिथे पिवळा फ्रॉक उभा होता. आणि चेहरा असा, की कुणीतरी त्याच्या हातून काहीतरी पाडलंय आणि ते उचलायला त्याला वाकता येत नाहीये.

“रोज बघते मी हा फोटो,” आत्या म्हणाली. “काढून टाकावासा वाटतो. त्याचा दुसरा चांगला फोटो नाही माझ्याकडे.”

पट्टीकडे या दिवसासाठी शेहेचाळीस वर्षं जपलेली उत्तरं होती, चांगली धारदार. त्यातलं एकही आठवेना. तिला रडू आलं आणि ते तिने लपवलं नाही. फक्त फोटोपासून तोंड बाजूला केलं. आत्याने पाणी आणून दिलं आणि खोकी बाजूला सरकवून तिच्यासमोर बसली. मग आपला उजवा हात खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

पट्टीने मनगटावरच्या फिक्या पट्टीशेजारी तो हात ठेवला आणि नमुना कालवायला घेतला. आता जमत होतं. आत्या वही चाळत होती. तिचं पान आलं तशी तिने वाचलं, “तपकिरी चार कमी. कमी म्हणजे कुणापेक्षा?”

“माझ्यापेक्षा.”

“म्हणजे मला तुझ्यापासून मोजायचं?”

“सगळ्यांनाच. सुताराला, बसवाल्याला. मास्तरांना पण.”

आत्याने पहिलं पान उघडलं. ‘मी = ०’ वर तिने बोट ठेवलं. शून्य म्हणजे काहीच नाही, असं ती म्हणेल की काय, असं पट्टीला वाटलं. आत्या म्हणाली, “मग या वेळी नीट मोज.”

उजेड उतरायच्या आत नमुना जुळला. बोटं गुरुवारी मिळतील, असं सांगून पट्टीने डबे भरले आणि घड्याळ मनगटावर बांधलं. चुकलेली दोन बोटं कट्ट्यावर होती, ती आत्याने स्वतःहून तिच्या पिशवीत घातली. दाराशी आल्यावर ती चौकटीला धरून उभी राहिली.

“पुढच्या शनिवारी लग्न आहे,” ती म्हणाली. “ये. आणि हे बघ, फोटोच्या आधी ये.”

पट्टी दोन पायऱ्या उतरली होती, ती थांबली.

“येते,” ती म्हणाली. “पण तू तोवर उन्हात जाऊ नकोस गं आत्या. रंग चढतो.”